भिंतीच्या पलीकडची

पंचवटीत आमच्या दुकानासमोर ती भाजी विकायला बसते. लहानथोर सगळ्यांना "बोला शेठ" म्हणते आणि बोलताना पिवळी पानं खुडत राहते. बाजारपेठेला पुराचा त्रास नको म्हणून गोदाकाठी भिंत बांधली, तेव्हा तिची वस्ती नदीच्या बाजूला राहिली.

यंदाच्या पुरात आमची दुकानं कोरडी राहिली. पाणी ओसरल्यावर आम्ही व्यापाऱ्यांनी भिंतीपाशी नारळ फोडला, पेढे वाटले. तेवढ्यात ती गोधड्यांचं गाठोडं घेऊन चिखल तुडवत आली.

"मावशी, यंदा पाणी आलंच नाही," मी पेढा पुढे करत म्हणालो.

"कसं येईल शेठ? तुमच्या वाटचं पाणी आमच्या घरात मुक्कामाला होतं."

पेढा न घेता तिनं भिजलेली गोधडी भिंतीवर वाळत घातली.

"अहो, नवी भिंत खराब होईल!" कोणीतरी ओरडलं.

तिनं वळूनही पाहिलं नाही. वाकून दुसरी गोधडी उचलली.