आयुधपूजेच्या दिवशी वाचलेला शेवट

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला काही वर्षे मी बंगळुरूमधल्या एका मंडळाच्या सभागृहात दर रविवारी सकाळी दहा ते बारा मराठीचा वर्ग घेत असे. त्याआधी सातारा जिल्ह्यातल्या एका प्राथमिक शाळेत अकरा वर्षे शिकवले होते. यजमान इथल्या सरकारी कारखान्यात अभियंता म्हणून लागले आणि माझी शाळा सुटली. पण शिकवण्याची पद्धत मात्र मी ट्रंकेत भरून आणावी तशी सोबत आणली. आधी शब्दार्थ फळ्यावर लिहायचे, मग संपूर्ण गोष्टीचा सारांश सांगायचा, त्यानंतर वाचन, आणि शेवटी तात्पर्य. अध्यापक विद्यालयात हा क्रम आम्हाला असा पक्का शिकवला होता की त्यात फेरफार करता येतो, हेच कधी मनात आले नाही.

वर्गात चौदा मुले होती. वाचनासाठी मी एक जुनी किशोर कादंबरी निवडली होती. माझ्या लहानपणी मी ती वाचली होती, साताऱ्यात प्रत्येक वर्षी मुलांना वाचून दाखवली होती, आणि मंडळाच्या कपाटात तिची एकच प्रत होती. कोकणातल्या एका खाडीवर तर, म्हणजे उतारूंची होडी, चालवणारे आजोबा आणि त्यांची दहा वर्षांची नात, एवढीच तिच्यातली मुख्य माणसे. पलीकडच्या काठावरून उतारू हाक मारतात आणि आजोबा होडी घेऊन जातात. पण आजोबांना हळूहळू ऐकू येईनासे होते. हे गावाला कळले, तर होडी त्यांच्याकडून काढून घेतली जाईल. म्हणून नात दिवसभर काठावर खेळत असल्याचे दाखवते, हाक आली की आजोबांच्या सदऱ्याला हलकेच ओढते, आणि आजोबा उठतात. सबंध पुस्तकभर ती हे गुपित सांभाळते. पुस्तकात राक्षस नाही, खजिना नाही, चोर पकडण्याची धावपळ नाही. तरीही मुले ते सोडत नाहीत, हा माझा अनुभव होता. का सोडत नाहीत, याचा विचार मी केला नव्हता. पाठ चांगला चालतो आहे, एवढे शिक्षकाला बहुधा पुरते.

या वर्गात मात्र तो चालेना. बहुतेक मुले माझ्यासारख्याच महाराष्ट्रातून आलेल्या नोकरदारांची होती. चार-पाच जण पेटेतल्या, म्हणजे शहराच्या जुन्या बाजारपेठेतल्या, मराठी घरांतले होते. त्यांची घरे इथे कित्येक पिढ्या रुजलेली, आणि बोलण्यात कन्नड शब्द मिसळून गेलेले. त्यांच्यात अकरा वर्षांची एक मुलगी होती. वडिलांचे शिवणकामाचे दुकान. ती वडिलांना अण्णा म्हणे आणि मला टीचर. तिच्या वाचनाची पाळी आली की ती बोट ओळीवर ठेवून सावकाश वाचे, आणि एखादा शब्द कळला नाही तर थांबून विचारे. एका रविवारी तिने विचारले, "टीचर, खाडी म्हंजे केरे का? का त्याहून स्वल्प मोठी?"

पुण्याहून नुकताच आलेला एक मुलगा मागच्या रांगेतून म्हणाला, "मिस, हिला आधी मराठी शिकवा, मग गोष्ट."

"केरे म्हणजे काय गं? केर?" दुसरीने विचारले आणि सगळे हसले.

"तळं," ती म्हणाली. "तुझ्या घराजवळ आहे की. तू रोज बघतेस तेच."

या उत्तरात काही चूक नव्हती. उलट तिने खाडीपर्यंत पोचण्यासाठी हाताशी असलेले पाणी वापरले होते. आज हे मला स्पष्ट दिसते. त्या दिवशी मी मुलांना गप्प केले, आणि शिस्त दोन्ही बाजूंना सारखी लागू व्हावी म्हणून तिची वही मागवली. वहीतल्या कन्नड शब्दांभोवती लाल शाईने गोल केले. ते तेवीस भरले. मग कपाटातली ती एकुलती प्रत तिच्या हातात दिली आणि सांगितले, "पहिल्या नऊ प्रकरणांतले कठीण शब्द वहीत उतरवून, शुद्ध मराठीत अर्थ लिहून पुढच्या रविवारी आण."

पुढच्या रविवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. तिसऱ्या रविवारी कपाटाची किल्ली सांभाळणारे मंडळातले एक वयस्क काका मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, पुस्तक गेलं असं समजा. नियम काय होता? कपाटातली प्रत सभागृहाबाहेर न्यायची नाही. तुम्हीच दिलीत."

"मी परत आणते."

"आणाल हो. पण आणली नाहीत तर नवी मिळायची नाही. छपाई केव्हाच बंद झाली आहे."

मुलगी लाल शाईने दुखावली, लाजेने वर्ग सोडला आणि परत तोंड दाखवायला नको म्हणून पुस्तक ठेवून घेतले, असा निष्कर्ष मी काढला. मला तिची क्षमा मागायची होती आणि पुस्तकही हवे होते. यांपैकी कोणती गोष्ट आधी बोलावी, हे मी कागदावर क्रमवार लिहून घेतले, आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेला, पेटेत जायचे ठरवले. त्या दिवशी गिऱ्हाईक नसेल, बोलणे नीट होईल, असा माझा अंदाज होता.

बसला केळीचे खुंट बांधलेले होते. रिक्षांना झेंडूच्या माळा, पुढच्या काचेवर विभूतीचे पट्टे. पेटेतल्या अरुंद गल्लीत प्रत्येक दुकानापुढे कुंकू भरलेला कोहळा फोडलेला, त्यामुळे पाय जपून टाकावा लागत होता. शिवणकामाचे दुकान लगेच सापडले. आत चार शिलाई मशीनी ओळीने उभ्या होत्या. प्रत्येकीवर हळदकुंकू, फूल, आणि चाकाला दोरा गुंडाळलेला. कात्र्या आणि फूटपट्ट्या एका पाटावर मांडलेल्या. आमच्याकडे खंडेनवमीला अशीच पूजा होते, त्यामुळे ते मला नवे नव्हते. नवे होते ते हे की मशीनींसमोर सतरंजीवर तिघे बसले होते आणि कोणीतरी मोठ्याने वाचत होते.

वाचणारी तीच मुलगी होती. मला पाहताच तिने पुस्तक मिटले. मात्र बोट आत ठेवून.

तिचे वडील उठले. "या टीचर, बसा की. पुट्टी, बाळा, टीचरना चुरमुरे दे. आज मशीनला हात लावायचा नाही बघा, म्हणून सकाळपासनं हेच चाललंय. एरवी दुपारी अर्धा तास. तेव्हा मशीन बंद करून सगळे हातानं काज करतो. मशीनच्या आवाजात ऐकू येत नाही ना."

"दिवाळीची शिलाई पडून राहिली या होडीपायी," शेजारी बसलेला त्यांचा धाकटा भाऊ म्हणाला. मुलगी त्याला चिक्कप्पा म्हणत होती.

"तुला नको असेल तर बाहेर जा."

"मी कुठं नको म्हटलं? आज संपणार आहे ना ते?"

मी वडिलांना विचारले, "तुम्ही स्वतः वाचत नाही?"

"आम्ही शिकलो ते कन्नड शाळेत. मराठी तोंडात आहे, डोळ्यांत नाही. माझ्या आईनंही कधी मराठी अक्षर बघितलं नाही." मग ते म्हणाले, "मराठीतलं पुस्तक घरात आलं, हे पहिलंच."

मुलगी उठून माझ्याजवळ आली आणि फक्त मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "टीचर, पुस्तक न्यायला आलात ना? शेवटचं एकच प्रकरण राहिलंय. वर्गात आले असते तर तुम्ही परत घेतलं असतं, म्हणून आले नाही. आज वाचू द्या. आणि पुढचं बोलू नका हं. तुम्ही वर्गात सगळं सांगितलंत, म्हणून मला ठाऊक आहे. अण्णांना ठाऊक नाही."

म्हणजे ती लाजेने गेली नव्हती. पुस्तक अपुरे राहील, या भीतीने गेली होती. माझा क्रमवार कागद पिशवीतच राहिला. मी सतरंजीवर बसले आणि म्हणाले, "वाच."

तिने वही उघडून मांडीवर ठेवली. मी सांगितलेले कठीण शब्द तिने सगळे उतरवले होते. अर्थ मात्र वडिलांसाठी लिहिले होते. वल्हे या शब्दापुढे कन्नड हुट्टु, सुकाणूपुढे चुक्काणि. ओहोटीपुढे तिने लिहिले होते, 'पाणी मागं जातं, मग चिखल दिसतो'. वाचताना असा शब्द आला की ती क्षणभर वहीकडे पाही, अर्थ सांगे आणि पुढे जाई. गोष्टीची गती कुठेही तुटत नव्हती. माझ्या फळ्यावरचे शब्दार्थ गोष्टीच्या आधी येत, म्हणून त्यांना कोणी विचारत नसे. इथे गरज पडली की शब्द मागितला जात होता आणि तेवढ्यापुरता मिळत होता.

शेवटच्या प्रकरणात दाट धुके पडलेले असते. पहाटे पलीकडून हाक येते. आजोबा तापाने झोपलेले. नात एकटीच होडी काढते, धुक्यात आवाजाच्या रोखाने जाते, उतारूंना घेऊन परत फिरते. आपला काठ दिसत नाही. मग एकदम दिसतो, आणि जिथे होडी लागायची, नेमक्या त्याच जागी आजोबा पाण्यात गुडघाभर उभे असतात. ते होडी धरतात. कोणी काही बोलत नाही. दुसऱ्या दिवशी हाक येते तेव्हा आजोबा होडीत चढतात आणि उतारूंच्या फळीवर जाऊन बसतात. पुस्तक तिथे संपते.

हे मी निदान अकरा वेळा वाचून दाखवले असेल. माझ्या सारांशात मात्र एवढेच असे: धाडसी नात संकटात होडी चालवते आणि आजोबा कौतुकाने ती तिच्या हवाली करतात. तात्पर्य, वडीलधाऱ्यांची सेवा.

मुलीने पुस्तक खाली ठेवले. वडील तिच्याकडे वळले. म्हणाले, "कुठं बसला म्हणालीस?"

"उतारूंच्या फळीवर. मध्ये."

"हं." त्यांनी मान हलवली. "म्हंजे त्याला ठाऊक होतं."

"काय ठाऊक?" चिक्कप्पाने विचारले.

"ही सदरा ओढते, हे सगळं. पहिल्यापासनं ठाऊक होतं त्याला."

"कसं असेल? त्याला वाटत होतं आपल्यालाच ऐकू येतंय. तेवढ्यासाठीच तर ती पोर मरत होती."

"मग पाण्यात उभा कसा राहिला? हाक ऐकू आली नाही, वल्ह्याचा आवाज आला नाही, धुक्यात दिसत नाही. बरोबर जागेवर कसा उभा?"

"रोजची जागा आहे की ती. सवयीनं."

"तापात? सवयीनं?" वडील हसले. "तुला कॉलर लावायची सवय आहे, तरी परवा उलटी लावलीस."

"ते या वाचनामुळं!"

मुलगी हसत होती, पण ती कोणाचीच बाजू घेत नव्हती. दोघे माझ्याकडे वळले. "टीचर, तुम्ही सांगा. तुम्ही शिकवता. ठाऊक होतं का नव्हतं?"

शिक्षकाकडे उत्तर असते, अशी त्या तिघांची खात्री होती, माझीही होती. मी मनातल्या मनात सगळी प्रकरणे चाळली. पुस्तकात ते कुठेही लिहिलेले नव्हते. लेखकाने ते लिहायचे टाळले होते, आणि इतकी वर्षे मी त्या मोकळ्या जागेवर तात्पर्याची फळी ठोकून पुढे गेले होते. साताऱ्यातली मुले ज्या शांततेने शेवटचे पान ऐकत, ती या जागेसाठी होती, हे मला त्या सतरंजीवर बसल्यावर कळले.

"मला ठाऊक नाही," मी म्हणाले.

मुलीने चमकून माझ्याकडे पाहिले. "टीचर, खरंच?"

"खरंच. शोधावं लागेल. त्याला ठाऊक असेल, तर आधी कुठेतरी खूण सापडायला हवी. सदरा ओढला जातो तिथं नीट बघ. तो लगेच उठतो, की थोडा थांबून उठतो?"

"पाचव्या प्रकरणात ती ओढायच्या आधीच तो उठला होता," ती म्हणाली. मग स्वतःच साशंक झाली. "का मला तसं वाटलं?"

"बघ!" वडील म्हणाले.

"तिला वाटलं म्हणाली ती," चिक्कप्पा म्हणाला. "वाटलं म्हंजे पुरावा नाही."

वडील माझ्याकडे वळले. आवाज एकदम अदबीचा झाला. "टीचर, पुस्तक आज न्यायलाच पाहिजे का? पहिल्यापासनं परत ऐकायला पाहिजे. आता शेवट कळलाय, आता नीट ऐकता येईल."

किल्लीवाल्या काकांना काय सांगावे, याची मी जुळवाजुळव करू लागले, पण ती पुरी होईपर्यंत वाट पाहण्यात अर्थ नव्हता. बाकीच्या तेरा मुलांना आणखी एक रविवार पुस्तकाशिवाय काढता येईल. मी त्यांना शेवटचे प्रकरण आठवणीतून सांगेन आणि हाच प्रश्न विचारेन. "राहू द्या," मी म्हणाले. "तपास पुरा झाला की हिनंच आणून द्यावं. आणि काय सापडलं ते वर्गात सांगावं, घरी बोलता तशाच शब्दांत."

मुलीने लगेच पहिले पान काढले. मला शेवटची बस गाठायची नव्हती. दुपारचे जेमतेम तीन वाजले होते. मी पुन्हा नीट बसले. तिने पहिले वाक्य वाचले, दुसरे वाचले, आणि तिसऱ्याला वडिलांनी हात वर केला.

"थांब. हे मागल्या खेपेला मी ऐकलंच नव्हतं. परत वाच."