राहतंय कोण हितं?

"राहतंय कोण हितं?" हे विचारल्याशिवाय अक्का कुठल्याच मॉडेलला हात लावायची नाही. बारीक चिमटा अंबाड्यात खोचलेला, एक डोळा मिटलेला, आणि समोर बिल्डरची पाच मजली पुठ्ठ्याची इमारत. आम्ही म्हणायचो, "अक्का, अजून बांधलीच नाही ती, राहणार कोण?"

"मग मी काय भुताचं घर सजवू व्हय?"

तुम्हीही पाहिली असतील अशी मॉडेलं, बिल्डरच्या ऑफिसात काचेखाली मांडलेली. आपण काय बघतो? आपला फ्लॅट कुठला आणि गाडी कुठं लावायची. संपलं. सांगलीच्या एमआयडीसीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही ती बनवायचो. मी संगणकावर नकाशे काढायचो. सातारा जिल्ह्यातला मी, घरातला पहिला पदवीधर. हे मी कुणी विचारायच्या आधीच सांगतो, अजूनही. अक्काला पहिल्याच दिवशी सांगितलं, तेव्हापासून तिनं माझं नावच 'पदवीधर' पाडलं.

ती कवठे महांकाळकडची, मेंढपाळाच्या घरातली. घर म्हणायचं ते सवयीनं. पाऊस सरला की मेंढरं घेऊन पश्चिमेला निघायचं, खतासाठी लोकांच्या रानात कळप बसवायचा, त्याचं धान्य घ्यायचं आणि पुढचा पाऊस लागला की माघारी. घोड्यावर भांडी, भांड्यांवर कोंबड्या, कोंबड्यांशेजारी पोरं. थोरली मुलगी कुणाच्या तरी बांधावर जन्मली, धाकटी शिरवळच्या अलीकडं, हायवेच्या कडेला. माघारी आल्यावरही पथारी दिराच्या मातीच्या घराच्या सोप्यातच.

पोरी शिकाव्यात म्हणून तिनं दोघींना सांगलीत वसतिगृहात घातलं. नवरा कळपामागं गेला, आणि ही आणखी दोन बायकांबरोबर एका खोलीत राहून आमच्याकडं कामाला लागली. सगळं निभत होतं. पण सुट्टी लागली की वसतिगृहाला कुलूप.

"बाकीच्या पोरी घरला जात्यात. माझ्या कुठं जात्याल? बाप आज कुठल्या रानात हाय, ते बापाला तरी ठावं आसतंय का?"

मग त्या खोलीतच पाचजणी पाय दुमडून निजायच्या. धाकटीला कुणी घर कुठं म्हणून विचारलं की ती घुटमळायची. अक्काला ते फार लागायचं. तिकडं वाडीवर वाटणीचं थोडं माळरान होतं. तिथं घर बांधायचं, दुसरं काही तिच्या डोक्यात नव्हतं.

आमच्याकडं तिला झाडं चिकटवायला घेतलं होतं. पण झाडं लावून ती थांबायची नाही. पाचगणीच्या बंगल्यांच्या एका कामात तिनं एका गच्चीवर दोरी बांधली आणि तिच्यावर धुणं वाळत घातलं. नखाएवढी परकर-पोलकी. आमच्या शेडचे मालक वैतागले.

"अक्का, हे मोठ्या लोकांचे बंगले आहेत. धुणं काय घालताय?"

"मग ती वलीच कापडं घालून हिंडत्यात व्हय?"

धुणं काढावं लागलं. तिनं मागच्या दारी निळा बॅरल ठेवला होता, तोही काढावा लागला. तिच्या गावाकडं टँकरचं पाणी धरायला दर घरापुढं तसा बॅरल असतो. मालक म्हणाले, पाचगणीत टँकर येत नाही. अक्का म्हणाली, "आजून येत न्हाई म्हना."

मग ती आत शिरली. म्हणजे खोल्यांच्या आत. ओट्यावर कपबशी, खुंटीला पिशवी, दारामागं केरसुणी, सगळं चिमट्यानं, श्वास धरून. मी म्हणालो, "अक्का, आता वर छत चिकटणार. कोण बघणार आहे हे?"

"मी बघिटलं की."

दिवस सगळे सारखेच जायचे. संध्याकाळी मान आखडायची, चिकटवायच्या सोल्युशनच्या वासानं डोकं चढायचं, डोळ्यांपुढं रेघा नाचायच्या. मॉडेल गाडीत चढलं की आम्हाला नुसतं बसून राहावंसं वाटायचं. तिची ती कपबशी, ती केरसुणी कुणाच्याही नजरेला न पडता गेलेली असायची. तिला त्याचं दुःख नव्हतं. कंटाळा मात्र दिसायचा. "लय घरं झाली गड्या," म्हणायची, आणि डोळ्यांवर पदर दाबून धरायची.

नवरा घराला तयार नव्हता. नकाशा त्याला कळत नव्हता आणि बायकोचं बोलणं त्याला ऐकायचं नव्हतं. म्हणून जेवणाच्या सुट्टीत उरल्यासुरल्या तुकड्यांतून अक्कानं आपल्याच घराचं मॉडेल बनवलं. दोन खोल्या, गॅसची शेगडी, भांड्यांची मांडणी, पोरींच्या दोन कॉट, दप्तरांना दोन खुंट्या, दारामागं आरसा. छत मात्र चिकटवलं नाही. ते टोपणासारखं उघडायचं.

कळप सांगलीच्या बाजूनं जात होता तेव्हा तो आला. खांद्यावर घोंगडं, डोक्याला तांबडा पटका. आत यायला तयार नाही, म्हणून मॉडेल शेडच्या पायरीवर नेलं. अक्कानं छत उचललं. तो उकिडवा बसून खूप वेळ बघत राहिला.

"आन मेंढरं?"

अक्कानं हातातलं छत पायरीवर ठेवलं.

"मेंढरं इकून घर बांधतीस व्हय?"

"आवं, मी कवा म्हनलं तसं?"

"म्हनायला कशाला पायजे? हितं दिसतंय की."

चहा न घेता तो निघून गेला. जन्मभर मेंढरांच्या उबेला निजलेल्या बाईच्या हातून नेमकी मेंढरंच राहिली होती. इतकी वर्षं आमचे नकाशे बघून तसंच होणार. आमच्या नकाशात गाडीला जागा असते, जित्राबाला नसते.

त्यानंतर काही दिवस ती सांगितलं तेवढंच काम करायची. झाडं, फक्त झाडं. एकदा माझ्यावरच उखडली, "तू पदवीधर ना? मग तुझ्या तरी का ध्यानात आलं न्हाई रं?"

मग एका दुपारी तिनं आपल्या घोंगडीच्या काठाच्या दशा सोडवायला घेतल्या. घरापुढं मोठं आवार धरलं, काड्या रोवून भोवती जखमेवर बांधायच्या जाळीच्या कापडाचं कुंपण केलं, आणि त्या काळ्या लोकरीची एकेक मेंढी वळत गेली. कुठल्याही दोन सारख्या नव्हत्या.

तो पुन्हा आला तो पावसाच्या तोंडाला, माघारी जाताना. पुन्हा पायरीवर बसला. आता मात्र बोटानं एकेक मेंढी दाखवत बोलायला लागला.

"ही लंगडी. ही गेल्या साली कराडला व्यालेली. आन ह्या मेंढ्याचं शिंग सरळ का केलंस? डावं वाकडं हाय त्याचं."

अक्कानं अंबाड्यातला चिमटा काढला आणि तिथंच शिंग वाकवलं.

"कुत्रं कुठं हाय?"

"ते तुमच्यासंगं हिंडतंय न्हवं?"

तो हसला. चहा घेतला. मग म्हणाला, "दार हिकडं कर. हातरुणातनं मेंढरं दिसली पायजेत." अक्कानं लगेच भिंत कापली आणि दार फिरवलं. दोघांचं ठरलं ते एवढ्यावरच. इतक्या वर्षांत आमचं एखादं मॉडेल कोपऱ्यान्‌ कोपरा बघितलेला माणूस मी तो एकच पाहिला.

पंचायतीत द्यायचा नकाशा मी काढून दिला. पण बांधकाम सोपं नव्हतं. कधी वाळू नाही, कधी गवंडी पळालेला, कधी अर्ध्या भिंतीवर पाऊस. अक्का आठवडाभर आमच्याकडं राबायची आणि रविवारी एसटीनं वाडीवर जाऊन भिंतींना पाणी मारायची. सोमवारी यायची ती डोळे सुजवून. जाड चष्मा लागला. चिमटा थरथरायला लागला, तेव्हा तिचं तीच म्हणाली, "आता पुरं झालं," आणि हिशेब करून गेली.

आता झाडं पाकिटातून येतात, मॉडेलमधली माणसं यंत्र काढून देतं. कामं वेळेवर जातात. मीही थकलोय, पण नकाशे काढतोच आहे. मॉडेल पूर्ण झालं की छताखाली डोकावतो. आत रिकामं असतं.

अक्काचं घर झालं. दोन खोल्या, पुढं मेंढरांचं आवार, दार आवाराकडं. त्यांच्या घराण्यातलं पहिलं पक्कं घर. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत तिच्या दोन्ही पोरी तिथं राहायला गेल्या.