चाकं उचलण्याआधी

विमान धावपट्टीला टेकायच्या बेतात असताना उतरणं रद्द करून पुन्हा वर न्यायचं, याला आम्ही वैमानिक गो-अराउंड म्हणतो. बडोद्याला आले की समा भागातल्या आमच्या घरी मी त्याचा सराव करायचे. कपाटाच्या दारावर कॉकपिटचं कागदी चित्र, समोर खुर्चीत मी, शेजारी बाबा. ते निवृत्त शिक्षक. सहवैमानिकाची वाक्यं वाचायची त्यांना भारी हौस. मी "गो-अराउंड" म्हणायचा अवकाश, बाबा लगेच, "पॉझिटिव्ह क्लाइंब!" म्हणजे विमान चढू लागलं. मग मी "गियर अप" म्हणायचं, म्हणजे चाकं आत.

यंदाच्या सिम्युलेटर परीक्षेत पडद्यावर हुबेहूब धुकं होतं. अगदी खाली आल्यावर सहवैमानिकाच्या जागी बसलेल्या प्रशिक्षकांनी गो-अराउंडचा हुकूम सोडला. मी इंजिनांना पूर्ण जोर दिला, नाक उचललं आणि सवयीनं बोलून मोकळी झाले, "गियर अप." प्रशिक्षक "पॉझिटिव्ह क्लाइंब" बोललेच नव्हते. इंजिनांनी जोर धरेपर्यंत विमान खालीच चाललं होतं. पडदा थांबवून ते शांतपणे म्हणाले, "पोटावर आपटलो असतो आपण." चार दिवसांनी आणखी एक संधी होती. तीही हुकली तर उड्डाण बंद.

घरी सगळं सांगितलं तेव्हा बाबांचा चेहरा उतरला. "म्हणजे माझ्या घाईनं झालं हे?"

"घाई माझीच. पण आता मुद्दाम गप्प बसा. कधी बोलाल ते मला कळता कामा नये."

बसले बिचारे कागद धरून. कपाटासमोर मला दरदरून घाम फुटला. तीनदा जीभ पुढे धावली. शेवटी बाबाच म्हणाले, "चाल, आता बस कर, बेटा. मला बघवत नाही."

दुसऱ्या परीक्षेत तेच धुकं. जोर दिला, नाक उचललं. प्रशिक्षक गप्प. खाली चाकं टेकल्याचा धक्का बसला. ओरडावंसं वाटत होतं, मी दात आवळून धरले. मग आवाज आला, "पॉझिटिव्ह क्लाइंब." तेव्हा कुठे मी "गियर अप" म्हटलं.

पास झाले. बाबांना फोन केला तर ते खुशीत म्हणाले, "दिवाळीत परत तुझ्याच विमानानं जाऊ हं!"

परत. गेल्या वर्षी मी त्यांना आणि आईला नेलं होतं. तीच जीभ घेऊन. त्या दिवशी धुकं नव्हतं, गो-अराउंडची वेळ आली नाही, एवढंच.

मी "हो" म्हटलं आणि तिथेच सिम्युलेटरबाहेरच्या पायरीवर बसले.