हिरव्या कापडातली हजेरी

माझी शाळा सातवीत सुटली, आणि मी लिहितोय विद्यापीठाच्या परीक्षेबद्दल. पोरांची परीक्षा नव्हे, खुद्द विद्यापीठाची. बाहेरगावच्या प्राध्यापकांची समिती येते, सगळं उघडून बघते आणि श्रेणी देऊन जाते. मी तिथं आयुष्यभर शिपाई होतो, पण हे प्रकरण जवळून बघितलं ते निवृत्तीनंतर.

ही जाऊन सात महिने झाले होते. वाकोल्याच्या खोलीत मी एकटा. सवयीनं दोन कप चहा टाकायचो आणि दोन्ही मीच प्यायचो. दुसरा कप हातात असतानाच मॅडमचा फोन आला.

मॅडम म्हणजे ज्यांच्या अंगावर समितीची सगळी तयारी होती त्या. नवीन लागल्या तेव्हा मीच त्यांना विभागाची खोली दाखवली होती. आता केस पिकले तरी मला मामाच म्हणतात.

“मामा, आपली मुलांची अभ्यासिका आठवते?”

न आठवायला काय झालं? आजूबाजूच्या चाळींतल्या पोरांना घरात पाय पसरायला जागा नसायची, अभ्यास कुठला. मॅडमनी भांडून ग्रंथालयामागची एक खोली मिळवली. रोज दुपारी तीन ते सहा ती उघडायची, पोरांना गप्प बसवायचं आणि हजेरी घ्यायची, हे माझं काम. दहा वर्षं चाललं.

“समितीला लिहून दिलंय मी, की विद्यापीठानं वस्तीसाठी हे केलं. आता पुरावा मागतायत.”

“मी आहे की. तुम्ही आहात.”

“माणसं नाही चालत, मामा. कागद लागतो. नाही मिळाला तर मी खोटं लिहिलं असं होईल.”

कागद होता. माझ्याच माळ्यावर, हिच्या ट्रंकेत.

झालं होतं असं. ती खोली पाडली तेव्हा हजेरीच्या पाचही वह्या रद्दीत निघाल्या होत्या. मी घरी आणल्या, म्हटलं निदान रद्दी तरी आपण विकू. ही भडकली. “पोरांची नावां आसत त्येच्यात. रद्दीत कित्याक टाकतास?” तिला अक्षर येत नव्हतं, पण नाव टाकून द्यायचं नसतं हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळायचं. आपली जुनी हिरवी सुती साडी फाडून तिनं पाचही वह्यांना कव्हरं घातली. दाभणानं पुठ्ठ्यातून टाके घेतले. आकडे लिहिता येत नव्हते म्हणून पहिलीवर लाल दोऱ्याची एक फुली, दुसरीवर दोन, अशा पाचपर्यंत.

ती गेल्यापासून ट्रंकेला मी हात लावला नव्हता. त्या दिवशी लावला. नाकात डांबरगोळ्यांचा वास गेला, डोळ्यांतून पाणी आलं. डांबरगोळ्यांनीच आलं, असं मी शेजारणीला सांगितलं.

वह्या मॅडमच्या टेबलावर ठेवल्या. “वह्या ठेवा हव्या तेवढे दिवस. कव्हरांसकट परत पाहिजेत.”

“माझी जबाबदारी, मामा.”

समिती आली त्या दिवशी मलाही बोलावलं होतं. इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. सगळीकडे रंगाचा वास, जिन्यावर कुंड्या. टेबलावर माझ्या पाच वह्या चकचकीत निळ्या प्लॅस्टिकमध्ये, वर छापील चिठ्ठ्या. तिथले हेडक्लार्क टापटिपीचे माणूस, खुशीत उभे.

“काय मामा, झकास दिसतंय ना?”

“कापड कुठाय?”

“ते फडकं? ते पुसायला दिलं. समितीसमोर काय फडकी ठेवायची?”

मी त्यांना जे बोललो ते इथं लिहीत नाही. वयानं माझ्यापेक्षा लहान आहेत, ऐकून घेतलं.

तेवढ्यात समिती आत आली. अध्यक्ष जाड चष्म्याचे, हिंदीत बोलणारे. त्यांनी एक वही चाळली, दुसरी चाळली, मग मॅडमकडे बघितलं. “दस साल की हाजिरी? कागज एकदम साफ है, कवर नया है, शुरू से आखिर तक एक ही हाथ की लिखाई. पिछले हफ्ते बैठ के लिखी है क्या?”

मॅडमचा चेहरा उतरला. कागद साफ राहिला तो हिच्या कव्हरांमुळे, आणि हात एकच कारण रोज तिथं बसणारा मी एकटाच.

मी सरळ बाहेर गेलो. सफाईवाली बाई चहाचं टेबल पुसत होती, हातात आमची हिरवी साडी. “ताई, दे ते.” बादलीवर वाळत घातलेले आणखी तीन तुकडे उचलले. पाचवा सापडला नाही.

ओल्या कापडांसकट मी अध्यक्षांसमोर उभा. वहीचं प्लॅस्टिक ओढून काढलं आणि पुठ्ठ्यावर कापड ठेवलं. दाभणाची भोकं भोकांवर बसली. पुठ्ठा कडेला पिवळा पडला होता, कापड तिथंच विटलं होतं.

“साहब, ये मेरी घरवाली का सिलाई है. वो अभी नहीं है. झूठ बोलने को वो आनेवाली नहीं.”

अध्यक्षांनी कापड उचलून नाकाशी नेलं आणि दोनदा शिंकले. “डांबर की गोली,” ते म्हणाले. “पिछले हफ्ते की नहीं है.” मग फुल्या मोजत बसले, एक, दोन, तीन. मॅडमकडे बघून हसले आणि कागदावर खूण केली. हेडक्लार्कांनी प्लॅस्टिक गोळा केलं.

श्रेणी चांगली लागली. मॅडम पेढे, वह्या आणि ती चार कापडं घेऊन वाकोल्याला आल्या.

“मामा, या वह्या ग्रंथालयाच्या कपाटात ठेवायच्यात. पण तुमच्या आहेत. तुम्ही म्हणाल तसं.”

मी म्हटलं, पोरांची नावं आहेत, माळ्यावर कोण बघणार? न्या. पण नागड्या नाही न्यायच्या.

दाभण काढलं. दोरा मला ओवता येईना, मॅडमनी ओवला. चार कव्हरं घातली, टाके वाकडे आले. पाचवीला कापड नव्हतं. ट्रंक पुन्हा उघडली, तिची दुसरी साडी काढली, निळी, आणि कात्री मॅडमच्या हातात न देता मीच चालवली.

पाच फुल्या घालायला सगळ्यात जास्त वेळ लागला. तिसरी जरा तिरकी गेलीय. ती बघून ही नक्की बोलली असती, आणि मी उलट बोललो असतो. चहा मात्र त्या दिवशी बरोबर दोघांना झाला.