मेश्राम साहेबांनी न घातलेलं घड्याळ

मेश्राम साहेब कोणाच्याही घरी गेले की बसण्याआधी भिंतीवरचं घड्याळ बघत. ते दोन मिनिटं जरी मागेपुढे असलं तरी स्टूल मागवत, मनगटावरच्या आपल्या जुन्या, चावी द्यायच्या घड्याळाशी जुळवत आणि मगच पाण्याचा पेला हातात घेत. दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी वसाहतीत मी राहायला गेलो, त्या संध्याकाळी ते असेच आले. माझ्या पुस्तकांची खोकीही उघडली नव्हती.

"ग्रंथपाल, तुमचं घड्याळ पाच मिनिटं पुढे आहे."

मी म्हटलं, "मुद्दाम ठेवलंय. बस चुकू नये म्हणून."

"म्हणजे थापही आपणच मारायची अन् विश्वासही आपणच ठेवायचा! काय माणूस आहे, बाप्पा!" असं म्हणत ते स्टुलावर चढलेसुद्धा.

मी एका केंद्रीय खात्याच्या ग्रंथालयात होतो, ते त्याच इमारतीत सेक्शन ऑफिसर. त्यांनी मला नावाने कधी हाक मारली नाही. शेवटपर्यंत मी 'ग्रंथपाल'च राहिलो.

अमरावतीजवळच्या खेड्यातून ते दिल्लीला आले होते. घरातले पहिले शिकलेले. साऱ्या नोकरीत त्यांना एकदाही उशीर झाला नाही. थंडीत धुक्याने बस रखडायच्या, अर्धं ऑफिस अकराला यायचं. साहेब मफलर गुंडाळून पायी निघत आणि वेळेवर खुर्चीत असत. एकदा मी त्यांना म्हटलं, एवढं कशासाठी? तेव्हा हवामान सांगावं तशा आवाजात ते म्हणाले, "तुम्हाला उशीर झाला की लोक विचारतात, बस चुकली का? आम्हाला झाला की आडनाव बघतात." त्यानंतर माझ्या घरचं घड्याळ मी पुन्हा कधी पुढे ठेवलं नाही.

प्रशांत त्यांचा एकुलता एक मुलगा. त्याच्या हातात सरकारी नेमणुकीचं पत्र आलं होतं. पण ते दिवस नव्या कंपन्यांचे होते. तो नोएडात कॉम्प्युटरच्या कामाला लागला आणि दोन वर्षांत न्यू जर्सीला गेला. साहेब त्याला एवढंच म्हणाले, "सरकारी नोकरी आपल्याला नोकरी नसते रे, जमीन असते. ती सोडून चाललास." पुढे बरेच महिने बापलेक एकमेकांशी बोलले नाहीत. मेश्राम वहिनी मधून निरोप पोचवत.

निवृत्तीनंतर आम्ही दोघांनी गाझियाबादला एकाच नव्या इमारतीत फ्लॅट घेतले. ते चौथ्या मजल्यावर, मी पहिल्या. दुसऱ्याच वर्षी वहिनी गेल्या. मी मुळातच एकटा. संध्याकाळी मी वर जायचो, ते चहा करायचे, आणि बाल्कनीतून समोर उभ्या राहणाऱ्या इमारती बघत आम्ही बसायचो. फार बोलणं नसे.

प्रशांतचं घड्याळ आलं ते त्याच सुमारास. एका ओळखीच्या बाईंबरोबर त्याने ते पाठवलं होतं. चामडी पट्टा, आत सेलशिवाय चालणारं यंत्र, आणि नेहमीच्या काट्यांबरोबर एक लाल काटा. आपली वेळही दिसते आणि तिकडचीही. साहेब तीन दिवस ते पुढ्यात घेऊन बसले होते. चौथ्या दिवशी ते डबीसकट कपाटात गेलं. रविवारी साडेसातला प्रशांतचा फोन यायचा, तेव्हा मी तिथेच असायचो.

"घालता का विचारतोय," ते मला हलकेच सांगत, आणि फोनमध्ये म्हणत, "लग्नाकार्यात घालीन. रोज कशाला?"

पुढे प्रशांतने विचारणं सोडलं.

गेल्या हिवाळ्यात छातीत दुखायला लागलं म्हणून त्यांना इस्पितळात नेलं, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी घरी आणलं ते चादरीत. त्यांच्यासाठी कपाटातले पांढरे कपडे काढायला मी पहिल्यांदाच त्यांच्या झोपायच्या खोलीत गेलो. पलंगासमोरच्या भिंतीवर एक साधं घड्याळ होतं. चार वाजले होते. ते साडेपाच दाखवत होतं. हल्ली त्यांना स्टुलावर चढवत नसणार, असं मनात आलं. स्टूल तिथेच होतं. मी चढलो आणि घड्याळ बरोबर केलं. साहेबांचं निदान एवढं काम तरी हातून झालं, असं मला वाटलं.

प्रशांत दुसऱ्या दिवशी आला. आठ दिवस तो त्याच खोलीत झोपला. जाताना त्याने घराची किल्ली आणि घड्याळाची ती डबी माझ्या हातात दिली.

"काका, हे विकून टाका. पैसे बाबांच्या गावच्या शाळेला द्या. एकदाही घातलं नाही त्यांनी. राग काही गेला नाही शेवटपर्यंत."

"असं नसतं रे," मी म्हटलं. डबी मी खिशात घातली.

महिनाभराने मी करोल बागेत घड्याळांच्या एका दुकानात गेलो. दुकानदार माझ्याच वयाचा होता. त्याने पट्ट्याच्या भोकांवरून बोट फिरवलं.

"एक दिन भी नहीं पहनी, भाईसाहब. बच्चे ने भेजी होगी?"

"हाँ. दोस्त के बेटे ने. अमेरिका से."

"आती रहती हैं ऐसी." त्याने घड्याळाची चावी ओढून लाल काटा फिरवून दाखवला. "देखिए, ये पूरे-पूरे घंटे कूदती है. अमेरिका से हमारा फ़र्क़ साढ़े दस घंटे का. वो आधा घंटा इसमें बैठता ही नहीं. इधर का टाइम सही रखो, तो बच्चे का टाइम ग़लत."

मी त्या काट्याकडे बघत राहिलो. ज्या माणसाला परक्याच्या भिंतीवरची दोन मिनिटं सहन होत नसत, त्याच्या मनगटावर मुलाची वेळ जन्मभर अर्धा तास खोटी राहणार होती. आणि मुलाने हौसेने पाठवलेल्या वस्तूत खोट आहे, हे त्याला कळवायचं कोणत्या तोंडाने?

मग एकदम मला साहेबांच्या झोपायच्या खोलीतलं घड्याळ आठवलं. साडेदहा तास मागे, म्हणजे तबकडीवर दीड तास पुढे. चार वाजता साडेपाच.

"बेचनी है?" दुकानदाराने विचारलं.

"आज नहीं," म्हणून मी डबी उचलली. शाहदऱ्यापर्यंत मेट्रो, पुढे रिक्षा. सगळी वाट मी ती डबी हातातच धरून होतो.

चौथ्या मजल्यावरच्या बंद घरात शिरून मी खोलीतलं घड्याळ खाली काढलं. मागच्या बाजूला पेन्सिलीने, फाइलीवर टिपण लिहावं तशा अक्षरात लिहिलं होतं: 'उन्हाळा, एक तास पुढे. हिवाळा, एक तास मागे.' पुन्हा उन्हाळा, पुन्हा हिवाळा. दर ओळीपुढे बरोबरची खूण आणि त्यांची छोटी सही. वर्षातून दोनदा तिकडची घड्याळं तासभर सरकवतात, तेव्हा ते स्टुलावर चढत होते. पलंगावर पडलं की समोर मुलाची वेळ, मिनिटामिनिटाला खरी. आणि ती मी माझ्या हाताने पुसली होती, नेमकी तो यायच्या आदल्या दिवशी.

मी पलंगावर बसलो आणि प्रशांतला फोन लावला.

"काका? विकलं का?"

"नाही. ते तूच ठेवून घे, का ते सांगतो. पण आधी एक सांग, तुझ्याकडे आत्ता किती वाजलेत?"

"का हो?"

"घड्याळ लावायचंय," मी म्हणालो. "मिनिटासकट सांग."