अर्ध्या कासवाची वाट

आबेलदादा अंबोंग हा काही मोठा माणूस नव्हता. दक्षिणेच्या समुद्रातल्या मालेकुला बेटावर आमच्या किनाऱ्याला त्याची कोनफळाची बाग होती, दोन डुकरं होती, आणि रविवारी चर्चची घंटा वाजवायचं काम त्याच्याकडं होतं. घंटा कसली, झाडाला टांगलेली गॅसची रिकामी टाकी! पण त्याचा ठोका पलीकडच्या बेटापर्यंत जायचा.

त्याचं खरं मोठेपण उजव्या हाताच्या पहिल्या बोटात होतं. वाळू तळव्यानं सारखी करायची, आडव्या-उभ्या रेघांची जाळी आखायची आणि बोट टेकवायचं. ते निघाल्या जागी परत येईपर्यंत उचलायचं नाही, गेलेल्या रेघेवरून दुसऱ्यांदा जायचं नाही. अशी त्र्याऐंशी चित्रं त्याला येत. मला चार येतात, त्यातलं एक नारळाचं. एकदा गांधीलमाशीनं त्याच्या कानाला डंख मारला, तर या बहाद्दरानं आधी माशाचं चित्र पुरं केलं आणि मग शिवी दिली. शिवी मात्र फार लांब होती.

त्या वर्षी त्याला मोठा ताप आला. उतरला, पण डोक्यातलं काहीबाही घेऊन गेला. एका संध्याकाळी कावा, म्हणजे आमचं मुळांचं गुंगीचं पेय, पिताना दादा हळूच म्हणाला की कासव अर्धंच आठवतंय.

कासव म्हणजे साधं चित्र नव्हे. आमच्या जुन्या माणसांच्या सांगण्याप्रमाणे मेलेल्यांच्या वाटेवर एक म्हातारी बसलेली असते. माणूस आला की ती वाळूत चित्र काढते आणि अर्धं पुसून टाकते. उरलेलं ज्याला पुरं करता येतं तो पुढं जातो. ज्याला येत नाही त्याला ती खाते. आमच्या वाडीत ते चित्र कासवाचं. दादाला ते त्याच्या मामानं दिलं होतं, आणि दादानं अजून कुणाला दिलं नव्हतं.

"मी ख्रिस्ती माणूस आहे, टॉम," तो म्हणाला. "ती म्हातारी नाही, हे मला ठाऊक आहे. पण असली तर?"

दादाची भाची एल्दा शाळेत सहावीला शिकवायची. मी तिच्या कानावर घातलं. दादा माझ्यावर दोन दिवस चिडून होता. एल्दा आली, दादानं आठवेल तेवढं कासव काढलं, आणि ती पोरगी गुडघ्यांवर बसून रेघा मोजायला लागली.

"मामा, बोट कुठंही आलं की तिथून बाहेरही पडतंच ना? म्हणजे प्रत्येक ठिकाणी रेघांच्या जोड्या हव्यात. जिथं जोडी नाही, तिथं तुमची हरवलेली रेघ चिकटते."

तिनं सहा टोकं दाखवली. बरोबर सहा. जिनं पुरं कासव जन्मात पाहिलं नाही, ती नुसतं मोजून सांगत होती की ते कुठं फाटलंय! मग तिनं वही काढली. सहा टोकांच्या जोड्या पंधरा तऱ्हांनी लागतात, आणि पंधराही तऱ्हांनी बोट न उचलता कासव पुरं होतं, हे तिनं काढून दाखवलं.

दादाचा चेहरा पडला. "पंधरा वाटा. म्हातारी तर एकच मागणार."

"खरी कुठली, ते गणिताला नाही ठाऊक, मामा. ते तुमच्यातच कुठंतरी असेल."

दादाचा मामा हे चित्र काढताना गाणं म्हणायचा, एवढं दादाला आठवत होतं. चाल आठवत होती, शब्द नाहीत. तो चाल गुणगुणत बसला असतानाच आमच्या चर्चचे पाळक, आंबाए बेटावरचे मोझेससाहेब, सभेचं सांगायला आले. पुढ्यात कासव. लपवायला वेळच नव्हता. मी खरं ते सांगून टाकलं आणि बोलणी खायच्या तयारीनं बसलो.

पाळकसाहेब चित्राकडं बघत राहिले. मग म्हणाले की ही चाल तर आपल्या एकेचाळिसाव्या गीताची. तेव्हा आमच्या ध्यानात आलं. आमच्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा चाल जुनीच ठेवून शब्द तेवढे बदलले होते. साठ वर्षं दर रविवारी गाऊन नवे शब्द जुन्यांवर बसले होते.

पाळकसाहेबांनी गीत सुरू केलं. मुद्दाम सावकाश. दुसऱ्या कडव्याला दादाचे ओठ हलायला लागले, पण शब्द वेगळेच होते. कासवी खडकावरून निघाली, वडाला लागली. नदीच्या मुखातून निघाली, प्रवाळाला लागली. अंधाऱ्या गुहेतून निघाली, आईच्या वाळूला लागली. एकेक ठिकाण गाताना दादा त्याचं टोक बोटानं दाखवत गेला. सहा ठिकाणं, तीन जोड्या.

एल्दानं वहीत बोट ठेवलं. "पंधरातली सातवी, मामा."

दादानं वाळू पुसली आणि पहिल्यापासून काढायला घेतलं. पाळक देवाचं गीत म्हणत होते, दादा कासवीचं, एल्दा पुटपुटत जोड्या मोजत होती, आणि मला, देवाशपथ, तिन्ही एकच वाटत होतं. वडापाशी बोट अडखळलं, थांबलं, पण उचललं नाही. मग ते वळलं, पोहत गेलं आणि निघाल्या जागी येऊन टेकलं. समोर अख्खं कासव. दादानं हात मांडीवर ठेवला.

मग पाळकसाहेबांनी घसा साफ केला. "दादा, मलाही शिकवाल का हे? म्हणजे, तिथं कुणी विचारलंच तर."

"शिकवीन की," दादा म्हणाला. "पण साहेब, प्रवचनात तुमचं बोट सारखं वर असतं. इथं उचलायचं नाही बरं का."

पाळकसाहेब खाली बसले आणि तळव्यानं वाळू सारखी करायला लागले.