तळहात न हलवता

त्या दिवसांत माझं आणि महादेवाचं बोलणं बंद होतं. म्हणजे मी बंद केलं होतं. त्याला ते कळलं होतं की नाही, कोण जाणे. भूकंपात आमची दोन्ही लेकरं गेली. बायकोचं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन आधीच झालेलं. नंतर नळ्या जोडून घेतल्या, त्याचाही उपयोग झाला नाही. अशी बारा वर्षं गेली. रोज सकाळी गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन मी पूजा करायचो, पण रागानं.

मग लातूरला ट्यूशनच्या पाट्यांच्या गर्दीत एक पाटी दिसली, प्रयोगशाळेत गर्भ वाढवून देणाऱ्या दवाखान्याची. थोरल्या भावाला सांगितलं तर तो म्हणाला, "अरे, देवानं नेलं ते परत मागू नये. अन् लेकरं काय बाटलीत वाढवता व्हय?"

मी नेहमीप्रमाणे जमिनीकडं बघत राहिलो. बायको मात्र पदर खोचून म्हणाली, "भाऊजी, त्यानं न इचारता नेली. मी तर इचारून मागायलेय."

त्या दवाखान्यात आमचे पाच गर्भ तयार झाले. पाच दिवस ते आत उबेच्या पेटीत वाढणार आणि आम्ही बाहेर. तिसऱ्या दिवशी मला राहवलं नाही. आतल्या लेकरांना थोडा आशीर्वाद पोचावा म्हणून मी प्रयोगशाळेच्या दाराशी चांगल्या पाच उदबत्त्या पेटवल्या. हिशेबात मी पक्का.

दार उघडून एक पोरसवदा मॅडम धावत आली. गर्भ सांभाळणारी तीच, उदगीरची. "काका, इझवा ते आधी! हितं आम्ही साधं अत्तर लावत न्हाई, अन् तुम्ही धूर करायलाव?"

मी उदबत्त्या चपलेखाली चुरडल्या आणि रडायलाच लागलो. "लेकरांना काही केलं का मी?"

मग डोक्यावरची टोपी काढून तिनं गळ्यातला दोरा वर ओढला. दोऱ्याला लिंगाची चांदीची डबी होती. "रोज माझ्यासंगं आत येतो तो. धूर लागत न्हाई त्याला. तुम्ही बसा निवांत."

बारा वर्षं मी ज्याच्याशी अबोला धरला, तो माझ्या आधी आत जाऊन बसला होता.

पाचव्या दिवशी चार गर्भांची वाढ थांबलेली होती. "काही असे थांबतातच काका, तुमच्या उदबत्तीनं न्हाई," ती म्हणाली. उरलेला एक तिनं काचेच्या छोट्या बशीत माझ्या समोरून बायकोकडं नेला. दोन्ही हात छातीशी, श्वास धरलेला, पाऊल जपून. पूजेला मी तळहात असाच धरतो. म्हणजे धरायला हवा होता. मी तर बारा वर्षं तो रागानं थरथरवत होतो.

मुलगी झाली. बारशाला भावानं विचारलंच, "ही देवाची म्हणायची का बाटलीची?" या वेळी मी जमिनीकडं बघितलं नाही. म्हणालो, "दादा, माझी हाय. घ्यायची तर घे मांडीवर, न्हाईतर सरक." त्यानं घेतली. तिनं त्याचं धोतर भिजवलं.

आता ती स्वतःच ट्यूशनला जाते. आमच्या घरात उदबत्ती लागत नाही. सकाळी मी लिंग तळहातावर घेतो. मागायचं ते आजही मागतोच, ते सोडलेलं नाही. मागून झालं की हात मात्र हलू देत नाही. पुढचं काम त्याचं.